जोडीने बुडी

नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. मे महिन्यात धाकटे दीर आणि जाऊ मला जालन्याहून कोकणात घेऊन आले. एक दिवस आम्ही समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्याच्या गावात काढला. रमतगमत तटबंदी पाहिली, झाडाखाली भाकरी खाल्ली. ऊन उतरल्यावर त्या दोघांनी उपरण्याची आणि पदराची गाठ बांधली आणि गोदावरीत मारतात तशी जोडीने बुडी मारायला ते समुद्रात शिरले. किनाऱ्यावरची माणसं हसू लागली.

"अहो, जल्दी बुडी मारा, लाट येऊन राह्यली!" जाऊ ओरडली.

"मंग हात सोड की माझा!"

"न्हाई सोडत."

मी पायरीवर त्यांच्या चपला राखत बसले होते. मांडीवर पुस्तक होतं, पण डोळे त्या गाठीवर. पैठणला आम्हीही अशीच बुडी मारली होती. ती गाठ सुटावी, असं मला मनापासून वाटलं.

पुढच्याच लाटेत ती सुटली. दोघं वाकून वाहतं उपरणं पकडू लागले, एकमेकांना दोष देत, मोठमोठ्याने हसत. त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं.

"ताई, तुम्ही बी या ना!" जावेने हाक मारली.

मला पाण्याची भीती वाटते, असं मी सांगितलं.