गुलछडीचे कंद आणि बघायला आलेले पाहुणे

ये, अशी जवळ बस. धाकटी बहीण म्हणून लई लाड केले तुझे, पण माझ्या नातीला स्थळ आणताना मला एका शब्दानं इचारावं वाटलं न्हाई तुला?

नात शहरातल्या कॉलेजात गुलछडीवर काम करती. कंद आपल्याच वावरातले नेलेत. गुलछडीच्या मुळांना गाठी धरतात न् झाड खुरटतं, ते थांबवणारा गुण कंदात घालायचा म्हणती. तो गुण नेऊन सोडायचं काम जिवाणूंचं. त्यांचे नखरे लई. कंदाची कोवळी फोड लागती, तिला चिरा पाडाव्या लागतात, खोली जास्त तापून चालत न्हाई. दोन दिवस जिवाणूंसंगं ठेवायचं आन तिसऱ्या दिवशी धुऊन जिवाणू मारणाऱ्या औषधावर घालायचं. लवकर काढलं तर गुण शिरत न्हाई, जास्त ठेवलं तर जिवाणू माजून फोड कुजवतात. उन्हाळ्यात विरजण लावून इसरलं की काय होतं, ते तुला मी काय सांगू?

तिनं फोडी जिवाणूंसंगं ठेवल्या न् नेमका दुसऱ्या दिवशी माझ्या लेकानं, तिच्या बापानं, तिला फोन केला, "आजी लई सीरियस हाय, निघ."

पोरगी केजपर्यंत एसटीनं आली, पुढं जीपनं, घरी पोचली ती तिसऱ्या दिवशी दुपारी. मी ओसरीवर शेंगा फोडीत बसलेली. आत पाहुणे पोहे खात होते.

"आजी, तू तर बरी हायस," एवढंच बोलली.

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस का?" तिचा बाप हसत म्हणला.

नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "पोरगी जंतू पाळती म्हणं?"

"पाळती," मी म्हणलं, "पण घरात घेत न्हाई. ते आमी घेतो."

पाहुणे गेले तवर शेवटची गाडी गेलती. कॉलेजात सणाची सुट्टी, धुवायला दुसरं कुणी न्हाई. चौथ्या दिवशी ती कॉलेजात पोचली तवर सगळ्या फोडींवर चिकट साय आलती.

"बुरशी आली का?" मी फोनवर इचारलं.

"न्हाई आजी, मीच सोडलेले जिवाणू. धुवायचे राह्यले."

लेक म्हणतो, कंदाला काय तोटा हाय, परत लाव म्हणावं. मी त्याला म्हणलं, "कंद मिळतील रे. पण माझ्या जिवावर खोटं बोललास. उद्या मी खरंच अंथरूण धरलं तर ती कशाला येईल?" अजून राग गेला न्हाई माझा.

आता नवे कंद काढायला आलेत. नात म्हणती, एसटीतून पाठवून दे, मी येत न्हाई.

उद्या लेक घरी असंल तवा परत ये. माझा लेक माझं ऐकत न्हाई, मावशीचं ऐकतो. त्याच्यासमोर बसून तिला फोन लाव, स्थळ मोडलं म्हणून तूच सांग. पोहे मी करते. पाहुणे तेवढे आणू नको.