डॉक्टरबेन आणि सात नावांची यादी

माझ्या वडिलांची नोकरी ज्या बाईंमुळे गेली, त्या आज सकाळी पुण्यात वारल्या.

फोन आला तेव्हा ऑफिसात होते. बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

डॉ. वासंती मॅडम. फुप्फुसांच्या जुनाट आजारांवर आयुष्यभर संशोधन केलेल्या शास्त्रज्ञ. सुरतेतल्या आमच्या उधन्यात सगळे त्यांना डॉक्टरबेन म्हणायचे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षी त्या सुरतला आल्या. कापड रंगवायच्या डाईंग मिलमध्ये रंगाच्या पावडरीत राबणाऱ्यांची छाती तपासायला.

प्लेगची बातमी जगभर झाली होती. या खोकल्याची कधी झाली नाही.

कामगार बहुतेक आमचे खानदेशी. बोलणं अहिराणी. मॅडमना ती कळेना, म्हणून बारावी झालेल्या मला त्यांनी मदतीला घेतलं.

मी विचारायचे, "सकायले खोकला येस का? कितला साल व्हयनात?"

मग मॅडम त्यांना श्वास मोजायच्या मशीनच्या नळीत फुंकायला लावायच्या.

माझे वडील, आबा, त्याच मिलमध्ये पावडर मोजून द्यायचे. त्यांची थुंकी त्या दिवशीच्या रंगाची असायची. कधी निळी, कधी लाल. घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे.

आबांनाही फुंकायला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. मॅडम कागदाकडे बघत राहिल्या.

आठवड्याने मॅनेजर म्हणाला, "ज्यांची छाती खराब आहे त्यांची नावं द्या. त्यांना हलकं काम देऊ."

मॅडमचा विश्वास बसला. त्यांनी सांगितली, मी लिहिली. सात नावं. पाचवं आबांचं.

मला तर आनंदच झाला. सुटले आबा एकदाचे पावडरीतून.

सोमवारी सातही जणांना गेटवरूनच परत पाठवलं. कायमचं.

मॅडम तडक मॅनेजरकडे गेल्या. मी मागे उभी. तो हसला. "मॅडम, बीमार लोगों को आराम दिया है. आप ही ने तो बताया."

तिथून त्या आमच्या खोलीवर आल्या. दारातच थांबल्या. आईने तोंड फिरवलं.

आबा मला म्हणाले, "तिले घरमा बलाव. दारमा उभी नको ठेवू."

मॅडम आत आल्या, खाली बसल्या. "आबा, माझी चूक झाली. नावं द्यायला नको होती."

आबांनी एवढंच विचारलं, "मन्ही छातीमा जे शे, ते खरं शे ना?"

"हो. खरं आहे. पावडरीनंच झालंय. आणि ते आता भरून येणार नाही."

"मंग लिखी ठेवा."

मालकाने वर तक्रार केली. मॅडमच्या संस्थेने सुरतचं काम बंद करायला सांगितलं. त्यांनी केलं नाही. स्वतःची रजा टाकून येत राहिल्या.

मिलमध्ये पुन्हा पाय ठेवला नाही. मिलला सुट्टी असायची त्या दिवशी उधना, बमरोलीत कामगारांच्या खोल्याखोल्यांतून आम्ही दोघी मशीन घेऊन फिरायचो. कागदावर नावाऐवजी नंबर. कुणाचा नंबर कुठला, ते फक्त मॅडमना माहीत.

आबांना दर सहा महिन्यांनी तपासायच्या. दर वेळी आकडा खाली.

आधी जिना चढणं सुटलं. मग शर्ट घालताना मध्ये थांबून दम घ्यायला लागले.

शेवटच्या वेळी नळी हातात धरून म्हणाले, "बेन, आते फुकाले ताकद नही."

मॅडमनी मशीन बंद केलं. बराच वेळ त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

चार दिवसांनी आबा गेले. दाखल्यावर लिहिलं, दमा. मॅडम त्या डॉक्टरांशी भांडल्या. शब्द बदलला नाही.

पुढे त्यांचा पेपर परदेशात छापून आला. एक प्रत मला पाठवली. त्यात रंगाच्या पावडरीचं नाव स्पष्ट होतं, आणि एका नंबरखाली पेन्सिलीने रेघ. ते आबा.

मिलमध्ये काय बदललं? सरकारी तपासणीच्या दिवशी मास्क वाटायला लागले. संध्याकाळी परत गोळा करायचे.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटले. म्हणाल्या, "मी यादी दिली नसती तर आबा आणखी काही वर्षं कामावर राहिले असते."

"मॅडम, लिहिली मी होती."

"अक्षर तुझं. निर्णय माझा."

मी तुम्हाला माफ केलंय, असं म्हणायचं मनात होतं. म्हटलं नाही. खरं होतं की नव्हतं, तेच कळेना.

आज कळलं. खरं होतं.

संस्थेच्या शोकसंदेशात त्यांचे सगळे पुरस्कार आहेत. सुरतची ती वर्षं नाहीत. म्हणून हे लिहिलं.

या, मॅडम. उधन्याच्या सात घरांकडून शेवटचा नमस्कार.