सिनेमे बोलते करणाऱ्या अम्माकाकू

सिनेमा चालू असताना बोलणाऱ्या माणसाचा सगळ्यांना राग येतो. अम्माकाकू मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलत असत, आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या तरी मागून आवाज यायचा, "काहून थांबल्या काकू? ती काय म्हणून राहिली?"

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी हा कार्यक्रम असे. भिंतीवर कडक इस्त्रीची पांढरी चादर, समोर सतरंज्या, आणि चादरीच्या बाजूला लाकडी खुर्चीत अम्माकाकू. कुठून कुठून गोळा केलेले परदेशी सिनेमे त्या पेन ड्राइव्हवर आणायच्या. खाली इंग्रजी अक्षरं धावत. ती वाचून होण्याआधीच पळतात अशी बायकांची तक्रार. म्हणून सगळ्या पात्रांचं बोलणं काकू मराठीत म्हणायच्या. तेही पुस्तकी मराठीत नाही. कुठल्याशा थंड देशातला उंचपुरा खलाशी तोंड उघडायचा आणि म्हणायचा, "अरे भैया, मी तर इथे नवीन आहो, मला काहून रागावून राहिले?" आणि तो तसंच बोलला असणार, याबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही. प्रेमाचा प्रसंग जरा पुढे सरकला की काकू रिमोट मांडीवर ठेवून म्हणायच्या, "चलो, हे तुम्हाला समजते."

गंमत अशी की मराठी ही काकूंची भाषाच नव्हती. त्या केरळच्या. नर्स म्हणून जबलपूरला आल्या आणि औषधांच्या दुकानातल्या आमच्या काकांशी लग्न करून दीक्षितपुऱ्यात राहिल्या. सासूबाईंना मराठीखेरीज काही येत नव्हतं, तेव्हा काकू चुलीपाशी बसून मराठी शिकल्या. आमची पिढी घरात आईच्या मराठीला हिंदीत उत्तर देणारी, आणि मराठी म्हणी आम्हाला ऐकवायच्या त्या या मल्याळी काकूंनी! मला तेव्हाही याचं नवल वाटायचं आणि आता तर त्याहून जास्त वाटतं. एकदा हळदीकुंकवाला पुण्याहून आलेल्या पाहुणीने त्यांना विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" काकू शांतपणे म्हणाल्या, "दीक्षितपुऱ्याची. तुम्ही?"

सिनेमे त्या एकाच जातीचे निवडत. कोणीतरी आपला मुलूख सोडून परक्या गावी जातं आणि तिथे परक्या भाषेच्या माणसावर जीव जडतो. "रोज रोज हेच काहून?" असं कोणी विचारलं तर काकूंचं उत्तर ठरलेलं. "अहो, तुम्ही इथे किती पिढ्यांपासून आहा, अन् अजून पुण्याला 'आपल्याकडे' म्हणता. हे तुमचेच सिनेमे आहेत." यावर सगळ्या हसायच्या, पण वाद घालायला कोणी पुढे येत नसे.

परक्या माणसाची परीक्षा घ्यायची काकूंची एकच रीत होती. तो काय बोलतो याकडे लक्ष द्यायचं नाही, काय खातो ते पाहायचं. "तिच्या हातचं खाऊन ज्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, अन् तरी त्यानं आणखी मागितलं, तो पक्का," असं त्या म्हणत. काकांनी म्हणे लग्नाआधी खोबरेलात तळलेले केळ्याचे काप खाल्ले होते. आमच्या घरांत खोबरेल डोक्याला लावायचं! काकांनी मान खाली घालून आणखी मागितले आणि काकूंचं ठरलं.

मी नोकरीसाठी जर्मनीत गेले आणि तिथे माझीच परीक्षा आली. मातेओ भेटला. त्याचे आईवडील चिलीहून येऊन तिथे स्थायिक झालेले. लग्न करायचं ठरवलं आणि घरी फोन केला. आई "बरं" म्हणाली आणि फोन बाबांच्या हातात दिला. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. मी फोन करायची, बाबा बोलायचे, आणि मागून स्वयंपाकघरातल्या तिच्या बांगड्या ऐकू यायच्या. तिने बांगड्या जरा कमी वाजवल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लग्न झालं, त्याला कितीतरी महिने उलटले, तरी त्या बांगड्या तशाच.

एकदा काकूंचा फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "तो काय खातो?"

मी म्हटलं, "माझ्या वरणाला मिरचीची फोडणी जास्त झाली होती. रडत रडत दोनदा घेतलं त्यानं."

"पक्का," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. ना उपदेश, ना सांत्वन.

मग एका रविवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. पलीकडून आई म्हणाली, "जेवलीस का?"

मला रडू फुटलं. तीही रडत होती. मग एकदम सुरू झाली, "अगं, आज काकूंनी सिनेमा दाखवला. एक पोरगी परक्या बंदरावर मासळीच्या कारखान्यात काम करते अन् तिथल्या एका परदेशी खानसाम्याशी लग्न करते. मग आईला फोन करते. म्हटलं, आता ही आई शिव्या देणार. तर तिनं विचारलं, जेवलीस का? मग म्हणे, ठेवते, बिल चढून राहिलं. अन् ठेवलाही फोन. मी काय त्या बाईहून निष्ठुर आहे का गं?"

मातेओने तो सिनेमा शोधून काढला. आम्ही दोघं पाहायला बसलो. फोनचा प्रसंग आला. खिडकीशी उभी असलेली आई, तिची नुसती पाठ दिसत होती, हातात रिसीव्हर. मी त्या वाक्याची वाट पाहत राहिले. खाली एकही अक्षर उमटलं नाही. तिने मुलीचं सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द न बोलता फोन ठेवला.

पुढच्या सुट्टीत आम्ही जबलपूरला गेलो. काकू आता गावातल्याच मदन महल भागात राहायला गेल्या होत्या. मातेओला मासळी वाढण्यात त्या गुंतलेल्या, तेवढ्यात मी विचारलं, "काकू, ती आई तर काहीच बोलत नाही हो."

त्या अजिबात दचकल्या नाहीत. "माझी अम्माही नव्हती बोलली," त्या म्हणाल्या. "लग्नाचं सांगायला ट्रंक कॉल लावला होता. अम्माला शेजारच्या दुकानात बोलावून घेतलं. तिनं ऐकलं अन् ठेवून दिला. मग शेवटपर्यंत बोलली नाही. काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं ना! ते वाक्य इतकी वर्षं माझ्याजवळ पडून होतं. माझ्या कामी नाही आलं, कोणाच्या तरी यावं." आणि मातेओकडे वळून म्हणाल्या, "और लो बेटा."

स्वतःला जे मिळालं नाही ते एवढ्या सहज उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकायचं, वर विजेच्या चपळाईने बिलाचा विनोदही जोडायचा, हे धैर्य मला या जन्मात जमणार नाही असं वाटलं. आईला यातलं काही सांगायचं नाही, एवढं मात्र तिथेच ठरवलं.

गेल्या हिवाळ्यात अम्माकाकू गेल्या. मला वेळेवर पोचता आलं नाही. नंतर गेले तेव्हा मंडळाच्या हॉलमध्ये ती लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती. रविवार मोकळाच जात होता.

घरी आई म्हणाली, "तुझ्याजवळ तो मासळीवाल्या पोरीचा सिनेमा आहे ना? लाव. काकूंची आठवण येऊन राहिली."

मी लॅपटॉप लावला आणि काकूंसारखी एकेकाचं बोलणं म्हणू लागले. माझं मराठी अडखळत होतं, मध्येच हिंदी घुसत होती, पण आईने चालवून घेतलं. फोनचा प्रसंग आला. ती खिडकी, ती पाठ. आईने माझ्याकडे पाहिलं.

"जेवलीस का, म्हणते," मी म्हटलं.

पडद्यावरच्या बाईने फोन ठेवला. आईने पदराने डोळे पुसले.

"अन् बिल चढून राहिलं, असंही म्हणते ना?"

"हो आई," मी म्हटलं. "तेही म्हणते."