नंदीचा बिल्ला

आमच्या पेठेतला किराणा दुकानदार भारी खडूस माणूस. बाजारात सुटे पैसे मिळेनासे झाले तेव्हा त्यानं नंदीचा छाप मारून तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. मोड म्हणून बिल्ला द्यायचा, पुढच्या खेपेला त्यावर माल. परत आलेला प्रत्येक बिल्ला दगडावर आपटून तो आवाज ऐके, मगच कानडीत "हौदु", म्हणजे होय, खरा आहे, असं म्हणे. मला त्याचा रागच यायचा.

सुटे पैसे पुन्हा दिसू लागले तसे त्यानं बिल्ले परत मागवले. मंद्रूपकडची एक धनगरीण पोर कडेवर घेऊन आली. पोराच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला नंदीचा बिल्ला होता.

"ताप उतरंना, म्हून भोक पाडून बांदला," ती दोरा सोडत म्हणाली. "नंदीनं राखलं बगा. पर मीठ संपलंय, आन् दुसरं काय न्हाय की."

भोक पाडलेला बिल्ला! आता हा खेकसणार, असं मला वाटलं. त्यानं मीठ बांधून दिलं, आणि वाकून पोराच्या गळ्यातली सैल झालेली गाठ पुन्हा आवळली.

"पोचला बिल्ला," तो म्हणाला.

दगडावर न आपटता त्यानं घेतलेला तेवढा एकच.