मांडीखालचं पान

"शाई ओली आहे अजून. थांबा जरा."

रोज सकाळी पेपर हातात आला की नाना आधी तो हुंगायचे. मग उजवा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर घासायचे आणि काळा झालेला अंगठा समोर बसलेल्या सगळ्यांना दाखवायचे. "बघा. बातमी कच्ची आहे. बातमी शिजवून वाढावी लागते. कच्ची गिळली तर घशात अडकते."

लोक हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड आहे.

जागा सांगतो, म्हणजे तुम्हाला नीट दिसेल. परळला, गिरण्यांच्या मागच्या अंगाला, एका शेठने धर्मादाय म्हणून बांधलेली दोन मजली इमारत होती. साठी उलटलेल्या एकट्या माणसांसाठी. कोणाला मागेपुढे कोणी नाही, कोणाला आहे पण त्यांच्या खोलीत पाय पसरायला जागा नाही. बावीस खोल्या. आसपासचे लोक तिला म्हाताऱ्यांची चाळ म्हणायचे. मी तिथला मेस्त्री. पंप, नळ, कौलं, फ्यूज, मोरीत तुंबलेलं, सगळं माझ्याकडे. तेव्हा मी चाळिशीचा होतो. आज नानांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठा आहे, आणि त्यांच्या नखाची सर मला आलेली नाही.

नानांचा जन्म गेला छापखान्यात, खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवण्यात. शिशाने बोटांची टोकं कायमची करडी झाली होती. कितीही साबण लावा, जायची नाहीत. म्हाताऱ्यांची चाळ त्यांच्या बोटांवर चालायची असं म्हटलं तरी चालेल, कारण खालच्या ओटीवरचा काळा फळा त्यांच्याकडे होता. फळ्याचे तीन भाग. डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे भजन, हळदीकुंकू, कोजागिरी असलं काय असेल ते. मधली जागा रिकामी. ती मयतासाठी. कोणी गेलं की मध्ये फक्त नाव लिहायचं, बाकी फळा पुसून. बाहेरून येणारा आधी फळ्याकडे बघायचा, मधली जागा रिकामी दिसली की मग चपला काढायचा.

अक्षर असं, की मोती म्हणावे. आणि लिहायचं काय? "आज सायंकाळी भजन. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी पुढे बसावे. ज्यांना ऐकू येते त्यांनी मागे बसावे, जीव वाचेल."

फळा लिहून झाला की पेपरवाचन. निम्म्यांना वाचता येत नव्हतं, निम्म्यांना दिसत नव्हतं. सगळे आपापले पाट, डबे, स्टुलं घेऊन ओटीवर जमायचे. सर्वांत पुढे सरूकाकी. मालवणकडची, तीस वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात काढलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तिचा एकुलता एक मुलगा भिकू लालबागला चुलतभावाच्या खोलीत राहायचा आणि दर रविवारी आईसाठी बोंबील घेऊन यायचा. परळच्या इस्पितळात काकीच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख लागली होती. "डोळो उघडल्यार पयला भिकूचा तोंड बघतलंय," असं ती भेटेल त्याला सांगायची. मला दहा वेळा सांगितलं असेल. डॉक्टरांनी बजावलं होतं की ऑपरेशनच्या आधी नि नंतर रडायचं नाही, खोकायचं नाही, डोळ्याला धक्का नको.

आता माझं सांगतो. मी शाळेत दोन पावसाळे गेलो, तेही मास्तरांचं शेत खुरपायला. अक्षर ओळखीचं नव्हतं. पण कबूल कोण करणार? कोणी कागद पुढे केला की मी म्हणायचो, "चष्मा खोलीवर राहिला." माझ्याकडे चष्मा कधी नव्हताच.

नानांनी हे ओळखलं आणि चारचौघांत एक शब्द काढला नाही. एक दिवस दुपारी पंपाच्या खोलीत आले, खडूने भिंतीवर एक अक्षर काढलं. "हा न. नळाचा." दुसऱ्या दिवशी "प पंपाचा." तिसऱ्या दिवशी "व वायसरचा." असं वर्षभर चाललं. मी त्यांना कधी गुरू म्हटलं नाही. उलट म्हणायचो, "नाना, तुमच्या खोलीचा नळ गळतोय, तो मी फुकट करतोय, समजून घ्या." ते म्हणायचे, "समजलो. फिटंफाट."

मग तो दिवस आला. पंप सुरू करून मी ओटीवर आलो, फळ्यासमोर उभा राहिलो, आणि एकाएकी डावीकडची ओळ मला लागली. जुळवत जुळवत, ओठ हलवत, पण अख्खी लागली. "आज वरच्या मजल्यावर पाणी येण्याचा संभव आहे. पुढे मेस्त्रींची मर्जी."

आयुष्यात मी स्वतः वाचलेली ती पहिली ओळ. आणि ती माझी चेष्टा होती. म्हणजे गेली दोन वर्षं सकाळी लोक फळ्याकडे बघून माझ्याकडे बघत नि हसत, ते भजनाला नव्हे!

नाना मागे उभे होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "वाचलंस? एकट्याने? शाबास रे!"

आज कळतं की माणूस आनंदाने वेडा झाला होता. तेव्हा मला फक्त अंगठा दिसला, काळा, माझ्याकडे रोखलेला. मी निघून गेलो. मनात म्हटलं, थांब म्हाताऱ्या.

ते दिवस कसे होते, तुमच्यातल्या वयस्करांना आठवत असेल. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेने गिरणगाव पेटलं होतं. मोर्चे, हरताळ, लाठ्या, आणि मग गोळीबार. मी पंप बंद करून मोर्चाला जायचो. मला बातमी कच्चीच हवी होती, रक्तासकट. आणि नाना वाचायचे हळू आवाजात, मधले मधले सोडून. मला वाटायचं, हा भित्रा आहे.

गोळीबाराच्या आठवड्यात भिकू आला नाही. चुलतभावाने येऊन काकीला सांगितलं, सत्याग्रहात पकडला, ठाण्याच्या तुरुंगात आहे. काकी उलट ताठ झाली. "माझो झील देशासाठी गेलोहा," म्हणाली. त्या दिवसापासून वाचन संपलं की विचारायची, "नानानू, ठाण्याचा काय इलाहा?"

नाना पान उलटायचे, बोट ठेवायचे. "ठाणे, ता. काल. येथील सत्याग्रहींची प्रकृती ठणठणीत. सकाळी पेज व लोणचे मिळते. लोणच्याविषयी किरकोळ तक्रारी आहेत."

काकी तोंडभर हसायची. "भिकूच करतलो तक्रार, दुसरो कोण?" आणि उठून जेवायला जायची. तोपर्यंत तिच्या पोटात अन्न जात नसे.

माझी वाचायची गती वाढत होती. वाचन संपलं की पेपर पंपाच्या खोलीत नेऊन मी जुळवत बसायचो. दोन दिवस शोधलं, आठ दिवस शोधलं. ठाणं कुठेच नव्हतं. पेज नव्हती, लोणचं नव्हतं. मला असा आनंद झाला की काय सांगू! चोर सापडला होता.

का वाचतो हा खोटं, असा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता. लाज वाटते ती इथे वाटते, पुढचं तर पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले तेच उतरलेल्या चेहऱ्याने. पेपर हुंगला नाही. अंगठा दाखवला नाही. एक पान घडी करून मांडीखाली घेतलं आणि वर बसले. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

काकीने विचारलं, "ठाण्याचा काय?"

नानांनी हातातल्या पानावर बोट ठेवलं. "ठाणे..." त्यांचा आवाज फाटला. "ठाणे, ता. काल. सर्व..."

"नाना," मी मागून म्हटलं. "त्यात ठाणं नाहीच."

सगळे वळले. मी पुढे झालो. "मी रोज वाचतो. आठ दिवसांत ठाण्याचं एक अक्षर नाही. हे मनाचं सांगतात. आणि आज एक पान दाबून बसलेत. काढा ते, नाना."

"मेस्त्री," नाना खालच्या आवाजात म्हणाले, "टाकी भरत आली असेल. जा, पंप बघ."

पुन्हा पंप! माझी जागा दाखवतोय, असं वाटलं मला. मी वाकलो आणि त्यांच्या मांडीखालून पान ओढलं. त्यांनी धरून ठेवलं नाही. सत्तरीच्या माणसाने काय धरायचं? कोपरा फाटून त्यांच्या हातात राहिला.

"ऐका, खरा पेपर काय म्हणतो," मी म्हटलं आणि वाचू लागलो. पहिल्यांदाच चारचौघांत. घाम फुटला होता. ज्याला सहज वाचता येतं त्याला हे कळायचं नाही. नवशिक्याचं सगळं लक्ष अक्षरावर असतं. काना कुठे, मात्रा कुठे. वाक्य कसलं आहे ते शेवटी कळतं, ओझं खाली ठेवल्यावर डोक्याला कळावं तसं. मी वाचलं, "इ-स्पि-त-ळा-त म-र-ण पाव-ले-ले." वाचलं आणि एक नाव घेतलं, दुसरं नाव घेतलं. लोक ऐकताहेत म्हणून आवाज चढवला. "भि-कू," मी म्हटलं, मग बापाचं नाव, मग आडनाव.

म्हणून झाल्यावर ते माझ्या कानांनी ऐकलं.

काकी डोळ्यांतल्या पांढऱ्या पडद्यांआडून माझ्या दिशेला बघत होती.

"गप कित्याक रवलंस?" ती म्हणाली. "फुडे वाच."

मी नानांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"वाच रे मेस्त्री. वय काय लिवलाहा?"

मी वाचलं. वय सव्वीस. राहणार लालबाग.

तेवढ्यात वरची टाकी भरून वाहू लागली. अंगणात पाणी धो धो पडत राहिलं, आणि त्या आवाजात ती बाई रडली. डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं रडणं रडली.

मागाहून कळलं. भिकू पकडला गेलाच नव्हता. गोळी लागून इस्पितळात पडला होता. वाचेल अशी आशा होती, म्हणून चुलतभावाने एकट्या नानांना सांगितलं होतं, काकीचं ऑपरेशन होईपर्यंत सांभाळा. तो गेल्याचं नानांना त्या सकाळी पेपरातच कळलं. ऑपरेशन पाच दिवसांवर होतं. पट्टी सुटल्यावर ते स्वतः सांगणार होते. शिजवून.

काकी ऑपरेशनला गेली नाही. नानांनी हात जोडले, डॉक्टरांनी निरोप पाठवला. ती एकच बोलली, "आता कोणाक बघूचा आसा माका?" वर्षभरात दोन्ही डोळे गेले.

मी काय केलं? काही नाही. विचारील त्याला ताठ मानेने सांगायचो, "छापलं होतं ते वाचलं. माझा काय गुन्हा?" हे मी चार वर्षं सांगितलं. एवढ्या वेळा सांगायला लागलं यावरूनच ओळखा.

नाना मला रागावले नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी फक्त वाचन सोडलं. पाडव्यानंतर गिरगावात पुतणीकडे राहायला गेले. त्यांची ट्रंक मीच रस्त्यापर्यंत नेली. सबंध वाटेत "नाना, चुकलं" एवढे दोन शब्द जिभेवर होते. ते गिळले. निघताना त्यांनी खडूचा डबा माझ्या हातात दिला. "फळा कोरा ठेवू नकोस," म्हणाले. "आणि वाचत जा. गती चांगली आहे तुझी."

मग फळा मी लिहू लागलो, पेपर मी वाचू लागलो. छापलंय तेवढंच, एक अक्षर इकडेतिकडे नाही. लोक ऐकायचे, कारण दुसरं कोण होतं? पण पाट हळूहळू मागे सरकत गेले. काकी मात्र पुढेच बसायची. ती मला कधी काही विचारत नसे.

शेवटी महाराष्ट्र झाला. मुंबईसह. आदल्या दिवशी मी इमारतीवर दिव्यांच्या माळा चढवत होतो, तेव्हा गिरगावातून माणूस आला. नाना गेले. दोन दिवस झाले. पुतणीने निरोप धाडला होता, फळ्यावर लिहा म्हणून.

सकाळी मी फळा पुसला आणि खडू घेऊन मधल्या जागेसमोर उभा राहिलो. मागे सगळे जमले होते. नवी पातळं, धुतलेली धोतरं, पेढ्यांचं ताट. उजवीकडे मी लिहिलं, "आज आनंदाचा दिवस. सर्वांनी पेढा घेऊन जावे." मधल्या जागेवर खडू टेकला आणि तसाच उचलला. ती दया होती की भीती, मला आजही ठरवता येत नाही. ते नाव मी तिथे लिहिलं नाही. इथेही लिहिलेलं नाही.

पेपर सगळा महाराष्ट्राने भरला होता. वाचून झालं. लोक पेढ्यांकडे वळले. काकी बसून होती. चार वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं, "मेस्त्री, गिरगावचा काय इलाहा? नाना बरे आसत मां?"

मी पान उलटलं. बोट ठेवलं, तिला दिसणार नव्हतं तरी ठेवलं.

"गिरगाव, ता. काल," मी म्हटलं. "नानांची प्रकृती ठणठणीत. सकाळी पेज घेतात. लोणच्याविषयी... किरकोळ तक्रार आहे."

काकीने हात चाचपत पुढे केला, माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आता तुका वाचूक येवक लागला," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. तिला ती दिसली नाही.