सुभेदारांची राखीव फौज

दोन बोटांच्या चिमटीत स्वतःचं पोट धरून सुभेदार मला म्हणायचे, "बाई, ही चरबी न्हाई. ही राखीव फौज हाय."

नातवंडांनो, तुम्ही सुट्टीत साताऱ्याला माझ्याकडे आलात की फाटकावर रेलून तुम्हाला 'सावधान'मध्ये उभं करणारे, मोठ्या मिशांचे शेजारी, तेच हे. सैन्यातून निवृत्त झाले, पोटाला मोकळीक मिळाली, साखर वाढली. डॉक्टरांनी बजावलं, चरबी कमी करा. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याहून कडक हुकूम काढला: अंगातली चरबी पंचवीस टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मटण बंद. आणि सांगलीजवळच्या त्यांच्या माहेरची जत्रा तर तोंडावर आलेली!

चरबी घटवायचं सोडून सुभेदार मोजायच्या पद्धती बदलत सुटले.

आधी व्यायामशाळेतून चिमटा उसना आणला. त्यात कातडी धरायची आणि घडीची जाडी मोजायची. वहिनींनी पोटाला चिमटा लावताच ते ओरडले, "पोट सोड की! दंडाचं घे. दंड लय इमानदार हाय!"

मग टेप. कंबर, मान आणि उंची यांवरून हिशेब होतो. मान जाड असली की चरबी कमी निघते. हे कळल्यावर त्यांनी श्वास कोंडून मान अशी फुगवली की मिशा आडव्या झाल्या. वहिनींनी टेप तसाच धरून शांतपणे विचारलं, "आवं, चहा टाकू का?"

"व्हय" म्हणायला तोंड उघडलं आणि मान मूळ मापावर आली.

नंतर माझ्याकडचा वजनकाटा, तुमच्या बाबांनी पाठवलेला. अनवाणी उभं राहिलं की पायांतून बारीकशी वीज सोडून तो अंदाज सांगतो. त्याने तीस टक्के दाखवले.

"बाई, तुमी बी चढा. दोघांची सरासरी काढू."

शेवटी तुमच्यापैकीच एकाने फोनवर त्यांना सांगितलं, की परदेशात माणसाला पाण्यात बुडवून मोजतात. चरबी तरंगते, हाडं आणि स्नायू बुडतात. झालं!

जत्रेला त्यांनी मलाही नेलं होतं. सकाळीच सुभेदार मेव्हण्यांच्या विहिरीवर उभे. "बघच आता, दगडावानी तळाला जातो!" सगळा श्वास सोडला आणि उडी मारली.

"येतील की वर," वहिनी हसल्या. "लोण्याचा गोळा हाय त्यो."

पाणी स्थिर झालं. सुभेदार काही वर येईनात. वहिनींचं हसू मावळलं. त्या काठावर गुडघे टेकून वाकल्या.

"आवं! वर या! मटण खावा, काय पायजे ते खावा, पर वर या!"

तेवढ्यात पायऱ्यांच्या आडून ओल्या मिशा बाहेर आल्या. गृहस्थ तिथे दडून निवांत श्वास घेत होते.

"तू म्हणालीस! बाई साक्षीला हाईत!"

मला वाटलं, आता वहिनी सोडत नाहीत त्यांना. पण त्यांनी हात धरून नवऱ्याला वर घेतलं आणि पदराने त्यांचं डोकं पुसलं.

दुपारी पंगतीत त्यांनी स्वतःच्या हाताने नवऱ्याला मटण वाढलं. दुसऱ्या हाताने मात्र त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. सुभेदार त्या हाताकडे बघत राहिले. मग वाटी हळूच बाजूला सारत म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लय तिखट झालंय."

मी शेजारीच जेवत होते. मटण अजिबात तिखट नव्हतं.