दारातली

कॅमेरा त्याच्या हातात होता आणि कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात.

तो पुढं चालत होता, मी मागं. पट्टा काढायला हात वर नेला की तो झटका द्यायचा. मानेला कातडं सोलल्यासारखं जळत होतं. शाळेपासून त्याच्या घरापर्यंत सगळं गाव ओलांडावं लागतं. पिठाची गिरणी, नळावर हंडे घेऊन उभ्या बाया, पारावर बसलेली माणसं. सगळ्यांनी बघितलं. कोणी उठलं नाही. पारावरून एकानं विचारलं, "नानासाहेब, काय धरून आणलं?"

तो म्हणाला, "चुकलेलं मेंढरू."

पार हसला. मी खाली बघून चालत राहिले. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला लागते ती हवाच छातीत नव्हती.

मी बजाजनगरला राहते. वाळूजच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासायचं काम करते. नवरा दुसऱ्या कंपनीत फिटर आहे, दोन लेकरं आहेत. क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून मी एक जुना कॅमेरा घेतला होता. नवऱ्याला वाटलं, मी लग्नाचे फोटो काढायचा धंदा करीन. मी सुट्टीच्या दिवशी एका खोलीच्या जुन्या शाळा शोधत फिरायला लागले.

त्या शोधाव्याच लागतात. गावात जाऊन "जुनी शाळा कुठंय" विचारलं की लोक रस्त्याकडेची नवी, रंगवलेली दाखवतात. मग टपरीवरचा एखादा म्हातारा म्हणतो, "ती व्हय? ती तिकडं, बाभळीत." तिकडं गेलं की दगडाच्या भिंती, वर फुटकी कौलं नाहीतर पत्रे, एकच दार. पुढं झेंड्याचा ओटा. लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, तीच घंटा. आत भिंतीतच केलेला काळा फळा. कुठं शेळ्या बांधलेल्या असतात, कुठं कडबा. एका शाळेत भिंतीवर बाराखडी तशीच होती आणि तिच्यावर शेणाच्या गोवऱ्या थापल्या होत्या. ज्ञ तेवढा मोकळा राहिला होता. त्या फोटोकडं मी किती तरी वेळ बघत बसायची. का काढते हे फोटो, ते कोणाला धड सांगता यायचं नाही.

माझ्या स्वतःच्या शाळेकडं मात्र मी जात नव्हते.

ती पैठणच्या अलीकडं आहे, मोठ्या रस्त्यापासून आत. आमच्या घरची माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची. माझी शाळा बुडू नये म्हणून बापानं मला आत्याकडं ठेवलं. आत्या त्या गावात दिलेली. तिचीही मेंढरंच. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं, बदल्यात धान्य देतात. त्यावर तिचं घर चालायचं. अजून चालतं. म्हणजे परवा-परवापर्यंत चालत होतं.

शाळेत पहिले काही दिवस मी आत बसले, पोरींच्या ओळीत. मग नानाचा बाप शाळेत आला. गावातली निम्मी जमीन त्याची. तो गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, पोरं घरी येऊन जेवत नायत. मेंढराचा वास येतो म्हणत्यात. तिला दारात बसवा, वारं लागंल."

गुरुजी उठले. माझं दप्तर त्यांनीच उचलून उंबऱ्यावर ठेवलं.

त्या दिवसापासून मी उंबऱ्यावर. एक मांडी आत, एक बाहेर. आत-बाहेर करणारी पोरं मला ओलांडून जायची, काही मुद्दाम पाय लावून. माझं नाव गेलं. पोरं मला 'दारातली' म्हणायची. पुढं पुढं गुरुजीही हजेरी घेताना म्हणायचे, "दारातली आली का?" आणि मी म्हणायची, "हजर."

नाना माझ्याच वर्गात होता. आता तो नानासाहेब झाला आहे.

एवढ्या शाळा बघून झाल्या, मग एका सुट्टीला वाटलं, आपण भितो कशाला? दगडमाती तर आहे. घरी सांगितलं, पैठणला जाऊन येते. एसटीनं फाट्यावर उतरले आणि चालत गेले. आत्याकडं आधी गेले नाही. शाळेचे फोटो काढून मग जाऊ म्हटलं.

शाळा होती. दाराला मोठं कुलूप. पर्स झेंड्याच्या ओट्यावर ठेवली आणि खिडकीच्या गजांना लागून आत बघितलं. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताच्या गोण्या, फवारणीचे पंप. गोण्यांच्या वर फळ्याचा वरचा काठ दिसत होता. मी फोटो काढत राहिले. जीप आल्याचं मला कळलंच नाही.

"कोणी पाठवलं तुला?"

मी वळले. तो होता. पोट सुटलेलं, पण डोळे तेच. मी ओळखलं. त्यानं ओळखलं नाही.

"कोणी नाय, दादा. जुन्या शाळांचे फोटो काढते."

"कोणत्या पेपरची?"

"पेपरची नाय."

"मंग जिल्हा परिषदेनं पाठवलं?"

"नाय हो."

"मंग कशाला काढती? माझ्या मालाचे फोटो कशाला पायजेत तुला?"

तेव्हा कुठं मला कळलं की तो घाबरला आहे. शाळा सरकारी, कुलूप याचं. पण घाबरलेला माणूस जास्त वाईट. आजूबाजूला कपाशी, दुसरं माणूस नाही. मी जीव वाचवायला बोलून गेले, की मी याच शाळेत शिकले, इथं माझी आत्या आहे. आत्याचं नाव सांगितलं.

तो बघत राहिला. मग हसला.

"अरे, तू दारातली का?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "व्हय."

दोन लेकरांची आई मी. कंपनीत माझी सही झाल्याशिवाय माल गेटच्या बाहेर जात नाही. आणि मी म्हणाले, व्हय.

त्यानं कॅमेऱ्याला हात घातला तो तिथं, आणि जीप शाळेपाशी सोडून मला चालवत नेलं.

घरी नेल्यावर तो ओसरीवर खुर्चीत बसला. मला खाली अंगणात उभं केलं. पारावरची काही माणसं मागोमाग आली होती. पट्टा गळ्यातून काढून त्यानं कॅमेरा माझ्यापुढं धरला.

"एकेक करून पुसून टाक. माझ्यासमोर."

मी बटण दाबत गेले. त्या शाळेचे सगळे पुसले. आधी काढलेल्या शाळाही पुसायला लावल्या. "ही बी. ही बी." गोवऱ्या थापलेली बाराखडी गेली. कोणत्या शाळा गेल्या ते मला दिसतही नव्हतं. मी एकच विचार करत होते, फोन पर्समध्ये आहे, पर्स शाळेपाशी राहिली, नवऱ्याला वाटतंय मी पैठणला आहे. यानं मला घरात नेलं तर? ही उभी राहिलेली माणसं तेव्हाही अशीच उभी राहतील. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

सगळे फोटो गेले. तो म्हणाला, "बस आता. तुझ्या आत्याला बोलावणं धाडलंय. ती येऊन माफी मागंल, मंग जा."

कुठं बसू ते मी बघायला लागले. त्यानं पायानं ओसरीची पायरी दाखवली.

"तिथं, दारात. तुझी जागा हाय ती."

मी वाकले. खरं सांगते, वाकले. कोणी दाबलं नव्हतं, गुडघे आपले आपण वाकत होते, जशी त्यांना ती जागा पाठ होती. त्याची भीती तर होतीच. पण त्या घटकेला मला माझ्या गुडघ्यांची जास्त भीती वाटली.

"नाय बसत," मी म्हणाले.

आवाज इतका बारीक निघाला की त्यानं विचारलं, "काय?"

"मी बसणार नाय. आन् मला नाव हाय."

नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. पूर्ण.

तो खुर्चीतून उठला. मला वाटलं, आता मारतो. माझ्या कपड्यात थोडी लघवी झाली. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते, कारण धीट बायकांच्या गोष्टीत हे कोणी सांगत नाही. मी धीट नव्हते. ओल्या कपड्यांनी उभी होते. एवढंच. उभी होते.

तेवढ्यात आत्या पळत आली. काही न विचारता तिनं त्याच्यापुढं डोकं टेकवलं. "लेकरू हाय मालक, चुकलं."

"आत्या, ऊठ," मी म्हणाले.

ती उठली नाही. तो तिच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत म्हणाला, "कॅमेरा इथंच राहील. आन् उद्यापासून तुमची मेंढरं माझ्या रानात नकोत. भाऊबंदांच्या रानात बी नकोत. मी सांगतो त्यांना."

आम्ही निघालो. आत्या शाळेच्या ओट्यापर्यंत माझ्याबरोबर आली. तिथं पर्स होती तशीच होती. पर्स माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "उभं राहून काय मिळालं गं तुला?"



घरी नवऱ्यानं मानेवरचा वळ बघितला. तो दोस्तांना फोन लावायला लागला. मी म्हटलं, मारामारी नको, माझ्याबरोबर ठाण्यात चल. ठाण्यातला जमादार वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, कॅमेरा मिळाला की झालं ना? कशाला गाव अंगावर घेता?"

"गळ्यात पट्टा होता, त्याला धरून गावातून ओढलं. ते लिहा. सरकारी शाळेला कुलूप त्याचं हाय, ते बी लिहा."

त्यानं लिहिलं. मी वाचून बघितल्यावरच सही केली.

तेव्हापासून मी नीट झोपले नाही. अनोळखी नंबरवरून फोन येतात, उचलला की कोणी बोलत नाही. कंपनी सुटायच्या वेळी गेटसमोर एक मोटारसायकल उभी असते. तिच्यावरचा माणूस काही करत नाही, नुसता बघतो. मी बायांच्या घोळक्यात मधोमध चालते. लेकरांना शाळेतून आणायला शेजारणीला बरोबर घेते.

आत्याला मेंढरं घेऊन पार धरणाच्या काठाला जावं लागलं, अनोळखी रानात. परवा तिचा फोन आला.

"नानानं निरोप धाडलाय. तक्रार मागं घेतली तर कॅमेरा देतो म्हणतो, रान बी देतो."

"आत्या, तूच सांग. काय करू?"

पलीकडं मेंढरं ओरडत होती. तिनं आधी त्यांना हाळी दिली. मग म्हणाली, "तक्रार द्यायच्या आधी मला इचारलं व्हतं का? मंग आता बी इचारू नको." आणि फोन ठेवला.

ती रागावली आहे. तिचा राग बरोबर आहे. माझ्या तक्रारीचा भार तिच्या मेंढरांवर पडला. पण रान मी काढून घेतलं नाही. ज्यानं काढून घेतलं त्याचं नाव त्या कागदावर आहे, आणि ते मी खोडू देणार नाही. आत्यानं पुन्हा माझं तोंड बघितलं नाही तरी नाही.

पुढच्या सुट्टीला गंगापूरकडं जाणार आहे. तिकडं एका वस्तीवर जुनी शाळा आहे म्हणतात. कॅमेरा नाही, मोबाइल आहे. कंपनीतल्या दोन बाया बरोबर येतो म्हणाल्यात, नाही आल्या तर एकटी जाईन. आधी मी माणसं बाजूला झाल्यावर फोटो काढायची, नुसत्या भिंतीचा. आता कुलपाचाही काढणार. आणि चावी कोणाकडं आहे ते विचारणार, चार माणसांत, मोठ्यानं. आवाज कापणारच. कापत्या आवाजात विचारीन, आणि कोणीतरी त्या चावीवाल्याचं नाव सांगेपर्यंत तिथून हलणार नाही.